मूलपेशी प्रत्यारोपणातील मुखदाह आणि तोंडातील जिवाणू : आधी कोण, मागून कोण?

धागालेखक

प्रत्यारोपणानंतर तोंड येते, म्हणजेच मुखदाह होतो, तो तोंडातील जंतूंमुळे, अशी समजूत रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये सर्रास आढळते आणि वैद्यकीय शिक्षण घेतलेल्यांमध्येही ती दुर्मीळ नाही. ही समजूत पूर्णपणे खोटी नसली तरी तिच्यात कार्यकारणाचा क्रम उलटा लावलेला आहे. जिवाणू हा दाह सुरू करत नाहीत. तो सुरू झाल्यावर किती चिघळेल, किती दिवस रेंगाळेल आणि त्यातून रक्तात संसर्ग होईल की नाही, यांवर मात्र त्यांचा मोठा प्रभाव असतो. तोंडाची निगा कशी राखायची हे याच फरकावरून ठरत असल्यामुळे, मुखरोगशास्त्रात काम करणारा म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहावेसे वाटले.

रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी देण्यापूर्वी रुग्णाला तीव्र मात्रेची केमोथेरपी आणि काही वेळा संपूर्ण शरीरावरील किरणोपचार घ्यावे लागतात. या टप्प्याला कंडिशनिंग म्हणतात. मायलोमा या अस्थिमज्जेतील कर्करोगात बहुधा मेलफॅलन हे एकच औषध शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम या मात्रेत दिले जाते, लिम्फोमा या लसीकाग्रंथींच्या कर्करोगात बीम नावाचा चार औषधांचा संच वापरला जातो, आणि दात्याच्या पेशी द्यायच्या असतील तर ब्युसल्फान, सायक्लोफॉस्फामाइड, किरणोपचार यांची निरनिराळी सांगड घातली जाते. ही औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. तोंडाच्या आतील अस्तर साधारण एक ते दोन आठवड्यांत नवे होते, म्हणजेच त्याच्या तळाशी असलेल्या पेशी सतत विभागत असतात, आणि म्हणून कर्करोगाच्या पेशींबरोबर त्याही मारल्या जातात.

स्टीफन सोनिस या अमेरिकी संशोधकांनी २००४ मध्ये या प्रक्रियेचे पाच टप्प्यांचे प्रतिमान मांडले आणि बहुतेक विवेचन आजही त्याच चौकटीत होते. पहिल्या टप्प्यात औषधामुळे किंवा किरणांमुळे पेशींतील डीएनएला इजा होते आणि ऑक्सिजनची अतिक्रियाशील संयुगे तयार होतात. दुसऱ्यात एनएफ-कप्पा-बी यांसारखे पेशींतील नियंत्रक जागे होऊन टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ असे दाहकारक संदेशवाहक बाहेर पडू लागतात. तिसऱ्यात हेच संदेशवाहक उलट फिरून मूळ नियंत्रकांना आणखी चेतवतात. या तिन्ही टप्प्यांत अस्तर वरून जवळजवळ शाबूत दिसते, फार तर थोडी लाली आणि जळजळ असते. मात्र आतली हानी बरीचशी होऊन गेलेली असते. चौथ्या टप्प्यात अस्तर फाटून व्रण पडतात आणि इथे जिवाणू खऱ्या अर्थाने रंगात येतात. उघड्या पडलेल्या ऊतीवर त्यांचा थर बसतो, त्यांच्या पेशीभित्तिकेचे तुकडे खालच्या भक्षकपेशींपर्यंत पोहोचतात आणि त्या पेशी आणखी दाहकारक द्रव्ये सोडतात. पाचवा टप्पा भरून येण्याचा.

या क्रमाचा एक पुरावा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. जिवाणू हेच मूळ असते, तर ते मारल्यावर दाह टळायला हवा होता. आयसेगॅनन नावाचे प्रतिजैविक पेप्टाइड गुळण्यांच्या स्वरूपात याच आशेने तयार करण्यात आले होते आणि तोंडातील जंतूंची संख्या घटवण्याची त्याची क्षमता चांगली होती. तरीही मोठ्या चाचण्यांमध्ये ते मुखदाह रोखू शकले नाही. पॉलिमिक्सिन, टोब्रामायसिन आणि अँफोटेरिसिन यांच्या एकत्रित चघळण्याच्या गोळ्यांचीही किरणोपचाराच्या रुग्णांमध्ये हीच गत झाली. उलट, ज्या उपायांचा जंतूंशी काहीही संबंध नाही, ते उपयोगी ठरले. मेलफॅलन शरीरात फार थोडा वेळ टिकते; ते देण्याच्या आधीपासून नंतरपर्यंत रुग्णाने तोंडात बर्फ धरला तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध अस्तरापर्यंत कमी प्रमाणात पोहोचते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत बर्फ घेतलेल्यांपैकी १४ टक्के रुग्णांना तीव्र मुखदाह झाला, तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करणाऱ्यांपैकी ७४ टक्के रुग्णांना. पॅलिफर्मिन हे अस्तराच्या पेशींना वाढीची चालना देणारे प्रथिन आहे. २००४ च्या चाचणीत किरणोपचारासह स्वतःच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांमध्ये त्याने तीव्र मुखदाहाचे प्रमाण ९८ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आणले. जंतूंना हातही न लावता इतका फरक पडतो, तेव्हा सुरुवात कुठे होते हे उघड आहे.

मग जिवाणूंची एवढी चिंता कशासाठी? कारण व्रण सर्वांत मोठे असतात ते मूलपेशी दिल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून दुसऱ्या आठवड्याच्या मध्यापर्यंत, आणि नेमक्या त्याच दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या मायक्रोलिटरला ५०० च्याही खाली गेलेली असते. दार उघडे आणि राखणदार गैरहजर, असा हा काळ असतो. एरवी दात घासताना रक्तात शिरणारे जिवाणू काही मिनिटांत निकालात निघतात. या काळात तसे होत नाही. सोनिस आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ९२ प्रत्यारोपण-रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मुखदाहाच्या मोजपट्टीवर एका गुणाची वाढ झाली की गंभीर संसर्गाचा धोका २.१ पट आणि पहिल्या १०० दिवसांतील मृत्यूचा धोका ३.९ पट झालेला आढळला. अशा अभ्यासातून थेट कारण सिद्ध होत नाही, कारण ज्यांचे तोंड अधिक बिघडते त्यांचे आतडेही बहुधा अधिक बिघडलेले असते. तरी संबंध दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

प्रतिसाद : एका रुग्णाचा भाऊ

विवेचन आवडले. माझ्या थोरल्या भावाचे प्रत्यारोपण झाले तेव्हा आम्हाला परस्परविरोधी सूचना मिळाल्या होत्या. एका डॉक्टरांनी प्लेटलेट्स कमी आहेत म्हणून ब्रश पूर्ण बंद करून फक्त कापसाच्या बोळ्याने दात पुसण्यास सांगितले, तर दुसऱ्या पाळीतील डॉक्टरांनी ब्रश चालूच ठेवा असे बजावले. क्लोरहेक्सिडीनची गुळणी दिली होती, तिने इतकी आग होत असे की तो ती टाळू लागला. आपल्या मांडणीनुसार जंतू मारल्याने दाह टळत नसेल, तर या गुळणीचा आग्रह कशासाठी धरला जातो?

प्रतिसाद : धागालेखक

आपला प्रश्न रास्त आहे. क्लोरहेक्सिडीन हे दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी करण्यासाठी उत्तम औषध आहे, पण मुखदाह रोखण्यासाठी ते उपयोगी पडते असे भरवशाने म्हणता येत नाही. त्यात अल्कोहोल असेल तर व्रणांवर आग होणारच, शिवाय त्याने चव बिघडते आणि दातांवर तपकिरी डाग पडतात. ज्यांच्या हिरड्या आधीच सुजलेल्या आहेत, त्यांना अल्कोहोलविरहित स्वरूपात ते देण्यामागे काही तर्क आहे. सरसकट सर्वांना देण्यामागे मला तरी सवयीपलीकडचे कारण दिसत नाही. मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या साध्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून अनेकदा केल्या तर तोंड ओले राहते, चिकट लाळ सैल होते, मेलेल्या पेशींचा थर निघून जातो आणि आग होत नाही. रुग्ण जी गुळणी खरोखर करील तीच चांगली गुळणी.

आणखी एक तपशील सांगतो, कारण तो बऱ्याचदा निसटतो. क्लोरहेक्सिडीन आणि बुरशीवरचे निस्टॅटिन ही औषधे एकत्र आली की एकमेकांना निष्प्रभ करतात. टूथपेस्टमधील फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेटही क्लोरहेक्सिडीनचा परिणाम घटवते. त्यामुळे ही औषधे एकापाठोपाठ न घेता मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्यावा.

ब्रशबद्दल जुना दंडक प्लेटलेट्सच्या आकड्यावर आधारलेला होता. हल्लीचा कल अतिशय मऊ केसांचा ब्रश शक्य तितका काळ चालू ठेवण्याकडे आहे, कारण ब्रश थांबवला की काही दिवसांत हिरड्यांना सूज येते आणि मग त्या आपणहूनच रक्ताळू लागतात. न थांबणारा रक्तस्राव किंवा असह्य वेदना असतील तेव्हा तात्पुरते थांबून गुळण्या आणि मऊ स्पंज वापरतात, आणि तो निर्णय त्या दिवशीचे तोंड पाहून उपचार करणाऱ्या चमूनेच घ्यावा लागतो.

प्रतिसाद : सूक्ष्मजीवशास्त्राची अभ्यासक

मुख्य भूमिकेशी सहमत असूनही एक आक्षेप नोंदवते. आरंभ औषधाचा आणि वाढ जिवाणूंची, ही विभागणी समजावून सांगण्यासाठी सोयीची आहे, पण ‘जिवाणू’ असा एकच गठ्ठा करून विचार केला की चित्र धूसर होते. मानवी तोंडात सुमारे ७०० जातींचे जिवाणू आढळतात आणि त्यांपैकी बहुतेक निरोगी माणसाचे सोबती आहेत. आयसेगॅननसारखे सरसकट मारणारे औषध हितकर आणि अहितकर अशा दोन्ही प्रकारच्या जिवाणूंना मारते. त्यामुळे त्याच्या अपयशातून जिवाणू गौण आहेत असे सिद्ध होत नाही. कोणताही भेद न करता त्यांना मारणे व्यर्थ आहे, इतकेच सिद्ध होते.

अलीकडच्या जनुकीय अनुक्रमणाच्या अभ्यासांत दिसते ते असे की, कंडिशनिंग, प्रतिजैविके, आटलेली लाळ आणि तोंडाने खाणे बंद होणे, या सर्वांमुळे तोंडातील जिवाणूंची विविधता घटते. एरवी बहुसंख्य असलेले स्ट्रेप्टोकॉकस, व्हेलोनेला, ॲक्टिनोमायसिस हे गट मागे पडतात आणि रिकाम्या जागी एरवी नगण्य असलेले जिवाणू किंवा कँडिडा बुरशी पसरू शकते. केमोथेरपी घेणाऱ्या घन अर्बुदांच्या (रक्ताऐवजी एखाद्या अवयवात गाठ होणाऱ्या कर्करोगांच्या) रुग्णांमधील, म्हणजे प्रत्यारोपण नसलेल्या, एका अभ्यासात मुखदाहाबरोबर फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम आणि प्रिव्होटेला यांसारख्या ग्रॅम-ऋण (ग्रॅम नावाच्या रंगपरीक्षेत जांभळा रंग न धरणाऱ्या) जिवाणूंचे प्रमाण वाढलेले आढळले. प्रत्यारोपण-रुग्णांवरील एका डच संशोधनात हिरड्यांच्या रोगाशी निगडित असलेला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू आणि व्रण यांचा संबंध दिसून आला. प्रयोगशाळेत तर याच जिवाणूने अस्तराच्या पेशी सरकून जखम बुजण्याची क्रिया मंदावल्याचे दिसले आहे. म्हणजे काही जिवाणू व्रण पाडत नसतील, पण भरू देत नसतील, हे संभवते.

रक्तात सापडणारे जिवाणू मात्र बरेचदा वेगळेच असतात. स्ट्रेप्टोकॉकस मायटिस आणि स्ट्रेप्टोकॉकस ओरॅलिस हे व्हिरिडान्स गटातील जिवाणू निरोगी तोंडात मुबलक असतात आणि एरवी निरुपद्रवी समजले जातात. न्यूट्रोफिल नसताना तेच रक्तात शिरले तर काही रुग्णांमध्ये रक्तदाब कोसळतो आणि फुप्फुसांना गंभीर सूज येते. प्रतिबंधासाठी दिल्या जाणाऱ्या फ्लुरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविकांचा भर ग्रॅम-ऋण जिवाणूंवर असल्याने या गटाला मोकळे रान मिळते, आणि त्यांतील काही वाण पेनिसिलिनलाही दाद देत नाहीत. लेप्टोट्रिकिया, कॅप्नोसायटोफॅगा, रोथिया म्युसिलॅजिनोसा हीदेखील तोंडातीलच मंडळी. असे जिवाणू रक्तात सापडले की पूर्वी बहुधा मध्यवर्ती शिरेतील नळीवर ठपका ठेवला जाई. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३ पासून अस्तराच्या इजेतून उद्भवलेल्या रक्तसंसर्गाचा वेगळा वर्ग केला, तो याच कारणाने.

प्रतिसाद : धागालेखक

आक्षेप मोलाचा आहे आणि ‘कोणते जिवाणू’ हा प्रश्न ‘किती जिवाणू’ यापेक्षा महत्त्वाचा आहे, हे मान्य. तरीही या संबंधांकडे सावधपणे पाहावे असे मला वाटते. व्रण पडल्यावर तिथे मेलेल्या पेशी, रक्तद्रव आणि ऑक्सिजनचा अभाव असतो, म्हणजे ग्रॅम-ऋण अवायुजीवी, म्हणजे ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या, जिवाणूंना हवे तसेच वातावरण. ते तिथे सापडले म्हणून त्यांनी जागा बिघडवली, की बिघडलेली जागा पाहून ते आले, हे दाह सुरू होण्याआधी घेतलेल्या नमुन्यांवरूनच सांगता येईल.

प्रतिसाद : दंतवैद्य

हिरड्यांच्या रोगाचा उल्लेख झाला म्हणून प्रत्यारोपणाआधीच्या दंततपासणीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते सर्वाधिक फायदा तिथेच पदरात पडतो. दाताभोवतीच्या खोल पोकळ्यांत जुनाट दाह असेल तर त्या पोकळ्यांची आतली भिंत आधीच व्रणयुक्त असते, आणि सगळ्या दातांभोवतीची ती पोकळी एकत्र मोजली तर ती नजरेआडची मोठी उघडी जखमच ठरते. किडून मज्जेपर्यंत पोहोचलेली दाढ, मुळाच्या टोकाशी असलेला गळू, अर्धवट उगवून वरच्या हिरडीखाली अन्न अडकणारी अक्कलदाढ, सैल झालेला दात, टोकदार भरण, तारा आणि पट्ट्या, या सर्वांचा निकाल आधी लावावा लागतो. दात काढायचा असेल तर पांढऱ्या पेशी घसरण्यापूर्वी जखम बुजायला किमान १० ते १४ दिवस मिळावेत असे पाहतात.

इथे दोन अडचणी येतात. मूळ आजार थांबायला तयार नसतो, त्यामुळे रक्तविकारतज्ज्ञांना प्रत्यारोपण पुढे ढकलणे परवडत नाही. अशा वेळी लक्षणे नसलेल्या जुन्या दोषांना हात न लावता फक्त धोक्याचे दात हाताळणे शहाणपणाचे ठरते. दुसरी अडचण मायलोमाच्या रुग्णांची. त्यांना हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी औषधे दिलेली असतात आणि दात काढल्यावर जबड्याचे हाड उघडे पडून न भरण्याची भीती असते. म्हणून हाडांची ही औषधे सुरू करण्यापूर्वीच दंततपासणी व्हावी. प्रत्यारोपणाची तारीख ठरेपर्यंत थांबू नये.

नातेवाइकांसाठी एक सूचना. पांढऱ्या पेशी नसताना पू होत नाही, कारण पू हा मुख्यतः त्याच पेशींचा बनलेला असतो. सूज आणि लालीही फिकी असते. त्यामुळे ‘सूज नाही, म्हणजे दात बरा आहे’ हा निष्कर्ष या काळात फसवा ठरतो. नवा ठणका, एकाच दाताला चावताना होणारी कळ किंवा ताप, यांपैकी काहीही असेल तर ते लगेच सांगावे.

प्रतिसाद : प्रत्यारोपण कक्षातील परिचारिका

वरील सर्व चर्चा रुग्णापर्यंत पोहोचते ती वेदनेच्या रूपात, म्हणून त्याबद्दल थोडे लिहिते. आम्ही जागतिक आरोग्य संघटनेची ० ते ४ ही मोजपट्टी वापरतो. पहिल्या पायरीवर लाली आणि जळजळ, दुसरीवर व्रण असूनही घट्ट अन्न खाता येते, तिसरीवर फक्त पातळ पदार्थ जातात आणि चौथीवर तोंडाने काहीच घेता येत नाही. ही नोंद रोज, शक्यतो एकाच वेळी आणि चांगल्या प्रकाशात व्हायला हवी. खालच्या ओठाची आतली बाजू, गाल, जिभेच्या कडा आणि तिच्या खालचा भाग, मऊ टाळू, या जागा मुद्दाम पाहाव्यात, कारण मुखदाह बहुधा याच मऊ अस्तरावर होतो.

तोंडाची स्वच्छता बंद पडते ती आळसाने नव्हे, दुखण्यामुळे. म्हणून वेदनाशामक आधी आणि ब्रश नंतर, हा क्रम आम्ही कटाक्षाने पाळतो. तीव्र मुखदाहात मॉर्फिनसारखे औषध रुग्णाला स्वतः बटण दाबून घेता येईल अशा पंपाने दिले जाते, आणि सवय लागेल या भीतीने नातेवाइकांनी ते नाकारण्याचा आग्रह धरू नये. बर्फाबद्दल एक खुलासा: तो मेलफॅलनसारख्या, थोड्या वेळात देऊन होणाऱ्या आणि लवकर निघून जाणाऱ्या औषधाबरोबरच अर्थपूर्ण आहे. व्रण पडल्यावर बर्फ चघळल्याने बरे वाटेल, पण प्रतिबंधाची वेळ तेव्हा टळून गेलेली असते. लाल प्रकाशाच्या सौम्य लेझरचा उपचार जिथे उपलब्ध आहे तिथे तो प्रतिबंधासाठी देतात आणि मुखदाहावरील २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्यारोपण-रुग्णांसाठी त्याची शिफारस आहे.

प्रतिसाद : एक वाचक

चांगले जिवाणू कमी होत असतील, तर बाहेरून प्रोबायोटिक देऊन ती उणीव भरून काढता येणार नाही का?

प्रतिसाद : सूक्ष्मजीवशास्त्राची अभ्यासक

कल्पना आकर्षक आहे, पण याच काळात ती धोक्याची आहे. प्रोबायोटिकमध्ये जिवंत जिवाणू असतात, अस्तर फाटलेले असते आणि न्यूट्रोफिल नसतात. अशा स्थितीत लॅक्टोबॅसिलससारखे सौम्य जिवाणूही रक्तात शिरून संसर्ग करू शकतात. रुग्णाच्या मनाने किंवा नातेवाइकांच्या आग्रहाने ते मुळीच सुरू करू नये.

प्रतिसाद : एका रुग्णाचा भाऊ

सर्वांचे आभार. एक शेवटची शंका आहे. भावाचे व्रण न्यूट्रोफिल वाढू लागल्यावर झपाट्याने भरले, पण त्याच सुमारास दुसऱ्या एका रुग्णाचे तोंड मात्र आणखी बिघडत गेले. तो दात्याच्या पेशी मिळालेला रुग्ण होता. हे असे का होत असावे?

प्रतिसाद : धागालेखक

त्या रुग्णाबद्दल दुरून काही सांगणे योग्य होणार नाही, पण सर्वसाधारणपणे काय पाहतात ते सांगतो. दात्याच्या पेशींनंतर, त्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी मेथोट्रेक्सेटच्या छोट्या मात्रा देतात, आणि हे औषध स्वतःच तोंडाचे अस्तर सोलवटते. त्यामुळे अशा रुग्णांचा मुखदाह अधिक तीव्र आणि लांबलेला असू शकतो.

अपेक्षेपेक्षा व्रण टिकले, किंवा कठीण टाळू, हिरड्या आणि जिभेची वरची बाजू अशा जाड अस्तराच्या जागी उमटले, तर नागीण गटातील हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूची शंका घ्यावी लागते. तो ज्यांच्या शरीरात पूर्वीपासून सुप्त आहे, त्यांच्यापैकी बहुसंख्यांमध्ये प्रतिबंध न केल्यास तो उफाळतो, आणि म्हणूनच असायक्लोविर नेमाने देतात. तरीही शंका आल्यास व्रणाचा नमुना तपासणीला पाठवावा. पांढरा, पुसता येणारा थर असेल तर कँडिडाचा विचार होतो, मात्र फ्लुकोनॅझोल चालू असताना उगवलेली कँडिडा ग्लॅब्राटा किंवा क्रुसेई या जातीची असू शकते आणि तिला वेगळे औषध लागते.

काही महिन्यांनी गालांच्या आत पांढऱ्या रेषांची जाळी, कोरडेपणा आणि तिखट सहन न होणे सुरू झाले, तर तो केमोथेरपीचा मुखदाह नसून दात्याच्या पेशींची दीर्घकालीन प्रतिक्रिया असण्याची शक्यता अधिक असते. तिथे उपचार प्रतिकारशक्ती आवरण्याचे असतात. लाळ कमी झाल्याने दात हिरड्यांलगत झपाट्याने किडतात, म्हणून अशा रुग्णांना जास्त फ्लोराइडची पेस्ट देऊन दंतवैद्याकडे नियमित बोलावतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असल्यामुळे जिभेच्या कडा व गाल पुढची अनेक वर्षे तपासत राहतात.